नंबर काढण्याच्या कामाची विद्या झाली
रायगड किनाऱ्यावरील ऑप्टोमेट्री पदवी शिक्षणाचा इतिहास

रायगड जिल्ह्यातला बारावी सायन्स झालेला विद्यार्थी आज आपला जिल्हा न सोडता ऑप्टोमेट्रीची पदवी घेऊ शकतो. कामोठ्याला महात्मा गांधी मिशनच्या (एमजीएम) अभिमत विद्यापीठात बी. ऑप्टोमेट्रीचा अभ्यासक्रम चालतो. पनवेलला लक्ष्मी आय इन्स्टिट्यूटच्या जोडीने लक्ष्मी कॉलेज ऑफ ऑप्टोमेट्री उभे आहे. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, तेव्हा ही पदवी शिकण्याची सोय महाराष्ट्रात नव्हती. डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढण्यासाठी चार वर्षे कॉलेजात घालवावी लागतील, असे त्या वेळी कोणी सांगितले असते तर पालकांना ते पटले नसते. हा बदल कसा झाला, कोणाच्या श्रमांवर झाला आणि किनाऱ्यावरच्या माणसाला त्यातून काय मिळाले, याची नोंद या स्मरणिकेत व्हावी म्हणून हा लेख.

पदवीआधीचा काळ

मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या आवारात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून डोळ्यांचे स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले होते. अलिबागकरांना ते समुद्रापलीकडे होते. रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरायचे, तिथून रुग्णालय गाठायचे आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन होईपर्यंत नातेवाइकाच्या खोलीत राहायचे. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनकडच्या माणसाला तेवढेही सोपे नव्हते. वाटेतल्या खाड्या ओलांडण्यातच त्याचा दिवस जाई.

मोतीबिंदूसाठी माणूस निदान निघत तरी असे. चष्म्याच्या नंबरासाठी कोण निघणार? चाळिशी लागली की आठवडी बाजारात किंवा जत्रेत मांडलेल्या तयार चष्म्यांतला एक उचलायचा, त्यातून सुईत दोरा ओवून पाहायचा आणि जमला तर पैसे द्यायचे, अशीच रीत होती. दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असतील, त्यात तिरपा नंबर असेल, किंवा दिसत नाही याचे कारण नंबर नसून काचबिंदू असेल, हे सांगणारे माणूस त्या बाजारात नव्हते. शाळेत फळ्यावरचे न दिसणारे मूल मागच्या बाकावर जाई आणि अभ्यासात कच्चे ठरे. त्याचा डोळा तपासावा, हे सुचायला तपासणारा जवळपास असावा लागतो.

१९७६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला आणि परिस्थिती हलली. त्या वेळी देशात अंधत्वाचे प्रमाण सुमारे १.४ टक्के होते. या कार्यक्रमातून ग्रामीण भागात डोळे तपासणारा प्रशिक्षित कर्मचारी आला. महाराष्ट्रात आपण त्याला नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून ओळखतो. ग्रामीण रुग्णालयात बसणारा, प्राथमिक आरोग्य केंद्रांना ठरलेल्या दिवशी भेट देणारा, शाळेत तक्ता टांगून मुलांना एकेक डोळा झाकायला लावणारा हा माणूस. मोतीबिंदू शिबिराला रुग्ण शोधून आणणे आणि ऑपरेशननंतर त्यांना पुन्हा तपासणे हेही त्याचेच काम. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्क्यांवर आलेले दिसले. त्या घसरणीत ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांइतकाच या कर्मचाऱ्यांच्या पायपिटीचा वाटा आहे. पदवीचा इतिहास लिहिताना त्यांना पहिले स्थान द्यायला हवे, कारण डोळे तपासणे हे डॉक्टरखेरीज दुसऱ्या प्रशिक्षित माणसाचेही काम असू शकते, हे गावाला त्यांनी पटवून दिले.

अलिगढ ते चेन्नई

देशात या विद्येचे रीतसर शिक्षण १९५८ साली सुरू झाले. अलिगढच्या गांधी नेत्र रुग्णालयात आणि हैदराबादच्या सरोजिनी देवी नेत्र रुग्णालयात पदविका अभ्यासक्रमांच्या शाळा निघाल्या. अमेरिकेत त्याआधी अर्धशतक, १९०१ साली, मिनेसोटा राज्याने ऑप्टोमेट्रीच्या व्यवसायाला कायद्याने मान्यता दिली होती. आपल्याकडे कायदा यायला आणखी बराच काळ जायचा होता, पण शिक्षणाची पहिली पायरी १९५८ मध्ये पडली.

दुसरी आणि मोठी पायरी १९८५ साली चेन्नईत पडली. डॉ. एस. एस. बद्रीनाथ यांनी १९७८ मध्ये स्थापन केलेल्या शंकर नेत्रालयाने एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री सुरू केली आणि चार वर्षांच्या पदवीचा नमुना देशापुढे ठेवला. विद्यार्थ्याने आधी वर्गात प्रकाशशास्त्र आणि डोळ्याची रचना शिकावी, मग रुग्णालयात वरिष्ठांच्या हाताखाली रुग्ण तपासावेत आणि शेवटचे वर्ष पूर्णपणे इंटर्नशिपला द्यावे, ही ती रचना. पुढे देशभर निघालेल्या बहुतेक कॉलेजांनी हीच रचना स्वीकारली. महाराष्ट्रात मुंबईत जुहूच्या बाजूला लोटस कॉलेज आणि पुण्यात भारती विद्यापीठ या मार्गावर चालले. रायगडकरांसाठी मुंबई-पुण्यात शिक्षण म्हणजे वसतिगृहाचा खर्च होता. तरीही काही मुले गेली, आणि त्यांच्यामुळे असेही शिक्षण असते हे आपल्याकडे कळू लागले.

कामोठे आणि पनवेल

सिडकोने १९७० नंतर नवी मुंबईची आखणी केली, तेव्हा त्यात तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातली पनवेल-उरणकडची गावेही आली. भातशेती आणि मिठागरांच्या जागी वसाहती उभ्या राहू लागल्या. १९८९ हे वर्ष या पट्ट्यासाठी दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी न्हावा-शेव्याला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि त्याच वर्षी कामोठ्याला महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. कमलकिशोर कदम यांच्या पुढाकाराने १९८२ साली नांदेडमध्ये स्थापन झालेली ही संस्था सायन-पनवेल रस्त्यावर आली, तेव्हा कामोठे हे गावच होते. ३० ऑगस्ट २००६ रोजी एमजीएम इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ सायन्सेसला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. वैद्यकीय पदवीपलीकडच्या आरोग्य-अभ्यासक्रमांना त्यामुळे विद्यापीठाचे छत्र लाभले. स्कूल ऑफ बायोमेडिकल सायन्सेसमधली बी. ऑप्टोमेट्री त्यातलीच.

पनवेलची वाट वेगळी होती. तिथे आधी डोळ्यांचे रुग्णालय आले आणि त्याच्या गरजेतून शिक्षण आले. डॉ. सुहास हळदीपूरकर यांनी उभ्या केलेल्या लक्ष्मी आय इन्स्टिट्यूटमध्ये पनवेल, उरण, कर्जत, खालापूर, पेण या तालुक्यांतले रुग्ण येऊ लागले. डोळ्यांच्या रुग्णालयाचा दिवस कसा चालतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला माहीत आहे की डॉक्टरांच्या खोलीत जाण्याआधी प्रत्येक रुग्णाची दृष्टी मोजावी लागते, नंबर काढावा लागतो, डोळ्याचा दाब पाहावा लागतो आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी आत बसवायच्या भिंगाची ताकद ठरवण्यासाठी डोळ्याची लांबी मोजावी लागते. यातले एकही माप चुकले तर डॉक्टरचा हात कितीही कुशल असला तरी रुग्णाला नीट दिसत नाही. हे काम करणारी माणसे चांगली हवीत, तर ती चांगली शिकवलीही पाहिजेत. लक्ष्मी कॉलेज ऑफ ऑप्टोमेट्री या विचारावर उभे आहे. नवीन पनवेलला पुढे आर. जे. शंकरा नेत्र रुग्णालय आले आणि या भागात शिकाऊ विद्यार्थ्यांना पाहायला मिळणाऱ्या रुग्णांची विविधता आणखी वाढली.

या दोन्ही वाटांनी जिल्ह्याला एकच गोष्ट दिली. डोळ्यांची तपासणी शिकण्याचे ठिकाण आणि तपासणी करून घेणारा रुग्ण एकाच परिसरात आले. शिक्षणाच्या दर्जासाठी यापेक्षा मोठी सोय नाही.

चार वर्षांत काय शिकतात

बाहेरून पाहणाऱ्याला ऑप्टोमेट्री म्हणजे भिंगे बदलत 'आधीचे बरे की आताचे बरे' असे विचारणे वाटते. त्या प्रश्नामागे तीन वर्षांचा अभ्यास असतो. पहिल्या वर्षात शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन आणि त्यासोबत भौमितिक व भौतिक प्रकाशशास्त्र. बारावीत फिजिक्सच्या पेपरापुरती असलेली भिंगाची सूत्रे इथे रोजची होतात. दुसऱ्या वर्षात डोळा हेच एक प्रकाशयंत्र मानून त्याचा अभ्यास, तपासणीची उपकरणे, डोळ्यांचे आजार आणि चष्म्याची काच-फ्रेम यांचे शास्त्र. तिसऱ्या वर्षात दोन्ही डोळ्यांचे एकत्र काम, तिरळेपणा, कॉन्टॅक्ट लेन्स, कमी दृष्टी असलेल्यांसाठीची साधने, लहान मुले, वृद्ध, कामाच्या ठिकाणची दृष्टी आणि सार्वजनिक आरोग्य. चौथे वर्ष इंटर्नशिपचे.

या सगळ्यात विद्यार्थ्याची खरी परीक्षा पाहते ती रेटिनोस्कोपी. अंधाऱ्या खोलीत रुग्णाच्या बाहुलीत प्रकाशाची पट्टी टाकायची आणि आतून परत येणारा लालसर उजेड पट्टीसोबत सरकतो की उलट, ते पाहायचे. विद्यार्थी त्याला 'विथ' आणि 'अगेन्स्ट' म्हणतात. समोर भिंगे ठेवत जायचे, आणि हालचाल थांबून बाहुली एकदम उजळली की तिथे थांबायचे. तपासणारा ६७ सेंटीमीटरवर बसला असेल तर मिळालेल्या आकड्यातून दीड डायॉप्टर वजा करायचे, ५० सेंटीमीटरवर असेल तर दोन. रुग्णाने एक शब्दही बोलायची गरज नसते. म्हणूनच दोन वर्षांचे मूल, ऐकू-बोलू न शकणारी व्यक्ती, अक्षरओळख नसलेली आजी, सगळ्यांचा नंबर या पद्धतीने निघतो. आज बटण दाबले की नंबर छापून देणारी यंत्रे सर्वत्र आहेत. पण लहान मुलाचा डोळा यंत्राकडे पाहताना जवळ पाहण्याचा जोर लावतो आणि आकडा फसवा येतो. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने थेंब घालून तो जोर सैल करायचा आणि हाताने रेटिनोस्कोपी करायची, हाच खात्रीचा मार्ग आहे.

हा हात एका दिवसात बसत नाही. पहिल्या काही महिन्यांत विद्यार्थी एकमेकांचे डोळे तपासून थकतात, आकडे जुळत नाहीत, शिक्षक पुन्हा करायला लावतात. मग एक दिवस बाहुलीतली हालचाल स्पष्ट दिसू लागते. या विद्येतला सगळ्यात मोलाचा भाग असा तासन्‌तास शेजारी उभ्या राहणाऱ्या शिक्षकांकडून येतो. त्यांची नावे इमारतींवर कोरलेली नसतात, पण प्रत्येक तुकडीच्या हातात त्यांचे शिक्षण असते.

आपली मर्यादा ओळखणे हाही अभ्यासाचाच भाग आहे. ऑप्टोमेट्रिस्ट ऑपरेशन करत नाही. पण डोळ्याच्या मागच्या भागात मधुमेहाचे डाग दिसले, दाब वाढलेला आढळला, लहान मुलाच्या बाहुलीत पांढरट झाक दिसली, तर हा रुग्ण आजच्या आज नेत्रतज्ज्ञाकडे गेला पाहिजे हे त्याला कळावे लागते. वेळेत पाठवलेला एक रुग्ण म्हणजे वाचलेला डोळा, हे प्रत्येक इंटर्नला वर्षभरात एकदा तरी अनुभवायला मिळते.

किनाऱ्याने दिलेले धडे

अभ्यासक्रमाची पुस्तके बहुतेक परदेशी. त्यांतली उदाहरणे कार्यालयात काम करणाऱ्यांची आणि मोटार चालवणाऱ्यांची. पण रायगडात शिकणाऱ्याला जी माणसे भेटतात, त्यांची कामे निराळी आहेत. या विद्येचे कामाच्या ठिकाणची दृष्टी हे अंग इथे जितके जिवंत होते, तितके क्वचित कुठे होत असेल.

करंजा, रेवदंडा, मुरूड, दिघी इथला कोळी दर्यावर जातो. वरून ऊन, खालून पाण्यावरची चकाकी, समोरून खारा वारा. अशा डोळ्यांत नाकाच्या बाजूने बुबुळाकडे सरकणारी मांसवाढ वारंवार आढळते. ती केवळ दिसायला वाईट नसते. बुबुळाला ओढून ती त्याचा गोलवा बिघडवते आणि तिरपा नंबर निर्माण करते. चष्मा देताना मांसवाढीकडे लक्ष न दिल्यास काही महिन्यांतच नंबर बदलतो आणि चष्मा फुकट जातो. टोपी आणि गडद काचेचा गॉगल ही इथे चैन नाही, प्रतिबंधाची साधने आहेत, हे समजावून सांगणे विद्यार्थ्याला आपल्या भाषेत जमावे लागते. उरण-पेणच्या मिठागरांवर राबलेल्या आगरी माणसांच्या डोळ्यांची कहाणीही याच उन्हाची आणि चकाकीची आहे.

तोच कोळी पन्नाशीत किनाऱ्यावर बसून फाटलेले जाळे शिवतो. डोळ्यापासून जाळे ४० सेंटीमीटरवर असेल तर तिथे नीट दिसायला अडीच डायॉप्टरची ताकद लागते. ५० सेंटीमीटरवर असेल तर दोनच पुरते. वयाच्या तक्त्यावरून दिलेला नंबर त्याला जाळ्यावर वाकायला लावतो आणि मान-पाठ धरते. म्हणून चांगला ऑप्टोमेट्रिस्ट आधी विचारतो, 'काम कुठे धरून करता, दाखवा बरं.' पेणला आणि हमरापूर-जोहे भागात गणपतीच्या मूर्ती घडवणारे कारागीर आहेत. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी हा त्या कामाचा कळसाचा भाग. बारीक कुंचल्याने एका श्वासात ओढायची ती रेषा, आणि ती ओढणारा हात बहुधा अनुभवी, म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या माणसाचा असतो. त्याच्या नजरेला योग्य अंतराचा चष्मा मिळाला तर त्याची कारागिरी आणखी कितीतरी हंगाम टिकते.

चष्म्याचा कमाईशी किती जवळचा संबंध आहे, हे आपल्याच देशातल्या एका अभ्यासाने दाखवले आहे. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांच्या एका गटाला जवळचे चष्मे दिले गेले. चष्मे न मिळालेल्या गटाच्या तुलनेत त्यांची पाने खुडण्याची उत्पादकता सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. २०१८ साली 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये तो प्रसिद्ध झाला. चहाची पाने खुडणारी बाई आणि जाळे शिवणारी कोळीण यांच्या गरजेत फरक नाही. स्वस्त, साधा, पण मोजून दिलेला चष्मा घरात येणारा पैसा वाढवतो.

बंदराने तिसरा धडा दिला. न्हावा-शेव्याला रात्रंदिवस कंटेनर ओढणाऱ्या ट्रकचालकांची दूरची दृष्टी, रंग ओळखण्याची क्षमता, समोरून येणाऱ्या दिव्यांनी दिपणारे डोळे हा रस्त्यावरच्या सगळ्यांच्या जिवाचा प्रश्न आहे. आणि पनवेल-खारघरच्या इमारतींत वाढणाऱ्या मुलांनी चौथा धडा दिला. घराबाहेर कमी आणि पुस्तक-मोबाइलजवळ जास्त वेळ घालवणाऱ्या या पिढीत दूरचे न दिसण्याचे प्रमाण वाढते आहे. २०५० पर्यंत जगातील निम्म्या लोकांना हा दोष असेल, असा अंदाज २०१६ मध्ये मांडला गेला. एकाच जिल्ह्यात कोळीवाडा, मूर्तिशाळा, बंदर आणि टॉवर शिकायला मिळणे ही इथल्या विद्यार्थ्याची श्रीमंती आहे.

कायद्याची मान्यता

इतके शिकूनही या पदवीधरांच्या मनात अनेक वर्षे एक सल होती. चार वर्षे शिकलेला आणि सहा महिन्यांचा कोर्स केलेला, दोघेही दुकानात सारख्याच पाटीखाली बसू शकत होते, कारण देशपातळीवर नोंदणीचा कायदा नव्हता. मार्च २०२१ मध्ये संसदेने संबद्ध व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, तेव्हा ती उणीव भरून निघण्याची वाट मोकळी झाली. कायद्याच्या अनुसूचीत नेत्रविज्ञान व्यावसायिकांचा स्वतंत्र गट आहे आणि त्यात ऑप्टोमेट्रिस्टचे नाव आहे. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घेण्यासाठी किमान ३,६०० तासांचे, तीन ते सहा वर्षांत विभागलेले शिक्षण या कायद्याने ठरवून दिले. राज्य परिषदा, नोंदणी आणि समान अभ्यासक्रम ही त्याची पुढची अंगे. १९५८ साली अलिगढ-हैदराबादला सुरू झालेल्या प्रवासाला त्रेसष्ट वर्षांनी कायद्याचा आधार मिळाला. त्याआधीच्या तुकड्यांनी हा आधार नसताना केवळ कामाच्या बळावर रुग्णांचा विश्वास मिळवला, याची आठवण नव्या विद्यार्थ्यांनी ठेवावी.

दक्षिणेकडचे काम

इतिहासाचा हिशेब प्रामाणिकपणे मांडायचा तर एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जिल्ह्यातले हे सगळे शिक्षण उत्तर टोकाला, मुंबईच्या कुशीत एकवटले आहे. पनवेलचा पदवीधर नवी मुंबईत नोकरी करतो, मुंबईत दुकान घालतो, पुण्याला पुढे शिकायला जातो. ते त्याचे हक्काचे आहे. पण श्रीवर्धन, म्हसळा, तळा, मुरूड या तालुक्यांपर्यंत ही विद्या अजून पुरेशी पोहोचलेली नाही.

'व्हिजन २०२०' या जागतिक मोहिमेत आपल्या देशाने ५० हजार लोकसंख्येमागे एक दृष्टी केंद्र असावे, असे उद्दिष्ट मांडले होते. २०११ च्या जनगणनेत रायगडची लोकसंख्या २६,३४,२०० होती. म्हणजे तेव्हाच्याच हिशेबाने जिल्ह्याला सुमारे ५३ केंद्रे हवीत. अशा केंद्राला मोठी इमारत लागत नाही. एक अंधारी करता येणारी खोली, तक्ता, ट्रायल सेट, रेटिनोस्कोप, स्लिट लॅम्प, दाब मोजण्याचे साधन आणि ही सगळी वापरता येणारे प्रशिक्षित माणूस पुरते. अडतो तो माणूसच.

तो तयार करण्याची क्षमता आता जिल्ह्यातच आहे. तीन गोष्टी केल्या तर ती दक्षिणेला पोहोचू शकते. इंटर्नशिपच्या वर्षातले काही आठवडे प्रत्येक विद्यार्थ्याने मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनच्या ग्रामीण रुग्णालयांत, तिथल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांसोबत काढावेत. या तालुक्यांतल्या मुलामुलींना पदवीसाठी शिष्यवृत्ती मिळावी, कारण परत जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त त्यांचीच. आणि शासकीय भरतीत ऑप्टोमेट्रीच्या पदवीधरांसाठी पुरेशी पदे निर्माण व्हावीत. अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने दक्षिणेकडे पाठवलेल्या विद्यार्थ्याला जवळचा आधारही मिळाला आहे.

बाजारातला तयार चष्मा, शिबिरातला तक्ता, कॉलेजातली रेटिनोस्कोपी आणि संसदेचा कायदा असे टप्पे पार करत नंबर काढण्याच्या कामाची विद्या झाली. हे एका पिढीने जमवले. कामोठे-पनवेलच्या वर्गांत शिकलेली म्हसळ्याची मुलगी म्हसळ्यातच दृष्टी केंद्र चालवेल आणि तिच्या तालुक्यातल्या एकाही मुलाला न दिसण्यामुळे मागच्या बाकावर जावे लागणार नाही, हे पुढच्या पिढीने जमवायचे आहे. पुढच्या स्मरणिकेत संस्थांच्या यशाची मोजदाद पदव्यांच्या संख्येसोबत या केंद्रांच्या संख्येनेही व्हावी.